मोरी बोलायला लागली की समजायचं: ड्रेनेज लाईन तुंबायच्या आधीच्या खुणा

आमचं घर नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला, रो हाऊस, १९९७ चं बांधकाम, तेव्हा तिकडं आजूबाजूला शेतं होती आणि खाली सगळी काळी माती. गेली अडीच-तीन वर्षं आमचं ड्रेनेज तुंबायचं, माणूस यायचा, बांबूची पट्टी घालायचा, भडाभडा पाणी जायचं, ८०० रुपये घेऊन तो जायचा आणि आम्ही फिनेल टाकून विसरून जायचो. असं पाच वेळा झालं. शेवटी या मे महिन्यात खणलं तेव्हा खरं कारण हाताला लागलं. एवढा वेळ लागायला नको होता खरं तर, लाईन पहिल्यापासून सांगत होती, आम्हालाच ऐकू येत नव्हतं. ज्यांच्याकडं सेम प्रकार चालू असेल त्यांनी आधी स्वतः तपासून घ्या आणि मग कोणाला बोलवायचं त्याला बोलवा, एवढ्यासाठी लिहितोय.

पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं होतं. ती म्हणायची, "मशीनचं पाणी सुटलं की मोरी बोलते रे." मी म्हणायचो, मशीन जुनं झालंय. तर ती जी गुडगुड असते ना, ती हवा असते. नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं भांडं) घ्या, बेसिनखालचा वाकडा पाईप घ्या नाहीतर कमोड घ्या, प्रत्येकात थोडं पाणी कायम अडून राहिलेलं असतं, साधारण दोन इंच खोल, आणि त्या पाण्याचं काम म्हणजे गटारातला वास घरात येऊ न देणं. लाईन मोकळी असली की पाणी पाईपच्या तळातून वाहतं आणि वरच्या मोकळ्या भागातून हवा आरामात ये-जा करते. पुढं कुठं अडलं की मागचा पाईप गच्च भरून राहतो, हवेला जागाच उरत नाही, मग मशीनमधून एकदम बादली-दोन बादल्या पाणी आलं की ती कोंडलेली हवा जवळच्या ट्रॅपमधलं पाणी फोडून वर येते. म्हणजे मोरी बोलते तेव्हा पाणी अजून जात असतं, फक्त हवा अडायला लागलेली असते. काम स्वस्तात होण्याचा काळ हाच. आमचा हा काळ मशीनला शिव्या देण्यात गेला.

यात एक गोंधळ होऊ शकतो, तो आधीच सांगतो. भिंतीला धरून गच्चीच्या वर जाणारा जो उभा पाईप असतो, व्हेंटचा, म्हणजे लाईनमधली हवा जायचा, त्याच्या तोंडाला जाळी नसेल तर साळुंक्या आत काड्या टाकून ठेवतात, कधी रंगकाम करणारे चिंधी कोंबतात आणि काढायची विसरतात. व्हेंट बंद झाला तरी गुडगुड होते. त्यामुळं आवाज आला की आधी गच्चीवर जाऊन त्या पाईपचं तोंड बघा, फुकटचं काम आहे, दोन मिनिटं लागतात.

आता नुसतं पाणी हळू जातंय म्हणजे लाईनच गेली असं नाही. किचनचं सिंक एकटंच हळू उतरत असेल आणि बाकी सगळं व्यवस्थित असेल तर तो सिंकखालच्या ट्रॅपचा प्रश्न आहे, भात, चहाचा चोथा, तूप, बास. चाकी फिरवून ट्रॅप काढा, बादलीत धुवा, परत लावा. बाथरूमची मोरी एकटीच हळू असेल तर बहुतेक वेळा डोक्याचे केस अडकलेले असतात. पण दोन-तीन ठिकाणी एकाच आठवड्यात पाणी हळू जायला लागलं, किंवा एकीकडं पाणी सोडलं आणि दुसरीकडून वर आलं, तर दोष त्या सगळ्यांच्या पुढं आहे, म्हणजे मेन लाईनमध्ये. आणि लक्षात ठेवा, पाणी नेहमी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. आमच्यात ते खालच्या मजल्यावरची, मागच्या पॅसेजमधली धुण्याची मोरी. वरच्या मजल्यावर पोरं मस्त शॉवर घेतात, त्यांना काही पत्ता नसतो, आणि खाली आईच्या पायाशी साबणाचा फेस वर येतो. अपार्टमेंटमध्ये तर याच्यावरून भांडणं होतात, ग्राउंड फ्लोअरवाला म्हणतो तुंबलंय, तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात आमच्याकडं तर छान चाललंय, तुम्हीच काहीतरी टाकलं असेल. अहो, खालच्याकडं आधी दिसतं एवढंच, पाणी सगळ्यांचंच असतं.

घरच्या घरी टेस्ट करायची असेल तर अशी करा. वरच्या मजल्यावर दोन बादल्या भरून एकदम कमोडमध्ये ओता आणि त्याच वेळी खाली कोणालातरी नहाणीपाशी उभं करा. जाळी काढून ठेवायची. खालच्या ट्रॅपमधलं पाणी नुसतं थरथरलं तर ठीक आहे, बुडबुडे आले तर लक्ष ठेवा, पाणी बोटभर वर चढून हळूहळू उतरलं तर लाईन अर्धी भरलेली आहे असं समजा. कमोडचंही तसंच. फ्लश केल्यावर पाणी नेहमीपेक्षा वर येऊन मग सावकाश खाली जात असेल, किंवा कोणी काही न वापरता सकाळी कमोडमधलं पाणी नेहमीपेक्षा खाली गेलेलं दिसत असेल, तर ते पण सांगणंच आहे.

वासाचं जरा नीट समजून घ्या कारण वासावरून लोक लगेच घाबरतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यात आपण आठ-दहा दिवस गावाला जाऊन आलो की दार उघडल्या उघडल्या गटाराचा भपकारा येतो. तो बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी वाळल्यामुळं असतो. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, तासाभरात वास गेला तर विषय संपला. गेस्ट बाथरूम वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा पाणी ओतत चला. पण रोज वापरातल्या मोरीला, पाणी ओतूनही, खास करून पहाटे वास येत असेल तर मात्र ते वेगळं. एकतर ट्रॅपमधलं पाणी लाईन ओढून घेतेय, नाहीतर जमिनीखाली कुठंतरी पाईप फुटलाय. त्याच्या जोडीला झुरळं वाढली असतील, एकदम मोठी लाल वाली, तर शंका अजून पक्की करा.

घराबाहेरच्या खुणा पुरुष मंडळींच्या लक्षात यायला पाहिजेत कारण गाडी आपण तिथंच लावतो, पण येत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो. आमच्या साईड पॅसेजमधले तीन पेव्हर ब्लॉक खाली बसले होते. मी त्यावर पाय देऊन जायचो रोज. वर्षभर. पेव्हर उगाच बसत नाहीत, खालची माती कुठंतरी जात असते, आणि ती बहुतेक फुटक्या जॉईंटमधून पाईपमध्येच जात असते. दुसरं म्हणजे भर उन्हाळ्यात एकाच पट्ट्यात गवत हिरवंगार दिसणं, कंपाउंडच्या कडेला ओल, प्लिंथच्या (जोत्याच्या) खालच्या दोन फुटांत रंगाचे पापुद्रे, आणि उंदरांची किंवा घुशीची नवीन बिळं. फुटक्या पाईपच्या बाजूला घूस हमखास येते.

आता इथं एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, बाकी पोस्ट नाही वाचली तरी चालेल. नाशिकमध्ये बऱ्याच रो हाऊसला आणि बंगल्यांना पार्किंगखाली पाण्याची टाकी असते, नळाचं पाणी आधी तिच्यात पडतं आणि मग मोटरनं वर चढतं. आणि ड्रेनेजची लाईन त्याच पार्किंगखालून रस्त्याकडं जाते. दोघांच्या मधे कधीकधी दोन फूट मातीसुद्धा नसते. नळ चोवीस तास नसतो, त्यामुळं पाणी बंद झालं की नळाच्या पाईपमधला दाब जातो आणि तेव्हा एखाद्या बारीक भेगेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून नळ आल्या आल्या पहिलं पाणी पिवळट किंवा वासाचं असेल, टाकीच्या भिंतीला आतून ओलीचा डाग दिसत असेल, घरात दोघा-तिघांना एकदम जुलाब लागले असतील, तर ड्रेनेज नंतर बघा, आधी टाकीचं पाणी तसंच पिणं बंद करा, उकळून प्या किंवा बाहेरचं आणा, आणि टाकी रिकामी करून बघा. कावीळ, टायफॉईड याच रस्त्यानं येतात. लाईन गळतेय का टाकी, हे बघायला सोपं आहे, कमोडमध्ये खाण्याचा लाल रंग भरपूर घोळून फ्लश करा आणि दिवसभरात तो टाकीच्या भिंतीला किंवा बाहेरच्या ओलीत उतरतो का बघा. उतरला तर खात्रीच झाली. नाही उतरला तरी लगेच निर्धास्त होऊ नका, माती रंग धरून ठेवते.

एवढं सगळं बघून झालं की चेंबर उघडायचं. लोक प्लंबरला फोन करतात, मग प्लंबर चेंबर उघडतो, मग तो जे सांगेल ते ऐकतात. आधी आपण उघडा. हँडलला पहार लावून झाकण सरकवा, उचलू नका, बोटं जातात. झाकण उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं लांब थांबा, तोंड खाली घालून बघू नका, सिगारेट-काडी लांब, पोरं आणि कुत्री घरात. त्यातल्या गॅसचा आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि गॅस जास्त असला की नाकच काम करेनासं होतं, म्हणजे वास येत नाही म्हणून सेफ आहे असं अजिबात नसतं. आणि मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवायचं नाही, कितीही सवयीचा माणूस असला तरी. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आत गेलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघं राहतात तिथंच. पट्टी, रॉड, जेटिंग मशीन, सक्शनची गाडी, सगळं वरून करता येतं.

चेंबर वाचणं सोपं आहे. मागचं चेंबर भरलेलं आणि पुढचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. सगळीच भरलेली, गेटजवळचं शेवटचंसुद्धा, तर बहुतेक वेळा तुमच्या आतल्या लाईनचा काही संबंध नाही, पुढं रस्त्याकडं तुंबलंय. सगळीच कोरडी आणि तरी आत पाणी उतरत नाही, तर घराच्या भिंतीतला किंवा पहिल्या चेंबरच्या आधीचा पाईप. आणि चेंबरमध्ये पाणी नाही पण भिंतीला वरपर्यंत काळी रेघ, कागदाचे तुकडे चिकटलेले, म्हणजे मधे कधीतरी भरून गेलंय आणि आपोआप उतरलंय. ती रेघ सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे आणि ती बघायला कोणी झाकण उघडतच नाही.

आमच्यात मागचं भरलेलं, गेटजवळचं कोरडं. मधे जवळजवळ चाळीस फूट. एवढ्या लांबीत अजून एक चेंबर असणारच असं वाटलं पण दिसेना. मग आठवलं की २०१४ साली पार्किंगला आणि पॅसेजला आम्ही टाईल्स टाकल्या तेव्हा ते "वर आलेलं घाणेरडं झाकण" आम्हीच बुजवलं होतं. मी स्वतः सांगितलेलं टाईल्सवाल्याला, एक लेव्हल कर म्हणून. आता ते शोधायचं कसं? रो हाऊसचा फायदा असा की प्लॅन सेम असतो. शेजारच्या काकांच्या घरी गेलो, त्यांच्या पॅसेजमधलं चेंबर भिंतीपासून किती फुटांवर आहे ते टेपनं मोजलं, आपल्याकडं येऊन तेवढंच मोजलं आणि हातोडीच्या दांड्यानं टाईल वाजवत गेलो. एका जागी पोकळ आवाज आला. चार टाईल्स फोडल्या, खाली झाकण. आत काठोकाठ पाणी. म्हणजे मधलं भरलेलं, पुढचं कोरडं, अडथळा शेवटच्या अठरा फुटांत. पाच वेळा जो माणूस येऊन गेला तो चाळीस फूट लांबून पट्टी घालत होता बिचारा.

पण खरा क्लू मिळाला कॅलेंडरवरून. आई कालनिर्णयवर सगळं लिहिते, दूध, गॅस सिलेंडर, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, आणि त्यातच "ड्रेनेजवाला आला ८००". जुनी कॅलेंडर्स ती फेकत नाही, मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब करते. ती सगळी काढून बसलो. पहिल्यांदा तुंबल्यानंतर दुसऱ्यांदा तुंबायला १४ महिने लागले होते. मग ९. मग ५. मग जेमतेम ३. हे बघितल्यावर मी गप्प बसलो. कोणी पॅड किंवा कपडा टाकल्यामुळं तुंबत असतं तर ते कधीही तुंबलं असतं, असं ठरल्यासारखं जवळजवळ येत गेलं नसतं. दोन तुंबण्यांमधलं अंतर कमी होत चाललं असेल तर आत काहीतरी वाढतंय किंवा खचतंय. तुमच्याकडं पण तारखा असतील, फोनपेमध्ये बघा, ड्रेनेजवाल्याला पैसे कधी कधी पाठवले ते सापडेल.

आणि दुसरी गोष्ट, पट्टीच्या टोकाला काय लागून बाहेर येतं ते बघायचं. नाक दाबून घरात पळायचं नाही. चिकट पांढरे गोळे आले तर किचनचं तेल-तूप. कपडा, वाईप, पॅड आलं तर घरात सगळ्यांना बसवून बोला. मुरूम, माती, खडी आली तर पाईप फुटलाय, त्याला पट्टी घालून काही उपयोग नाही. आणि बारीक केसांसारखं तपकिरी काहीतरी आलं तर ते केस नसतात, मुळं असतात. आमच्याकडं तेच येत होतं आणि आम्ही बायकोच्या केसांना नावं ठेवत होतो. ती अजून ऐकवते.

या वेळी जो म्हातारा माणूस आला होता त्यानं पट्टी घातली, अडली तिथं थांबला, चेंबरच्या कडेपाशी पट्टीला चिंधी बांधली आणि बाहेर काढून ती तशीच जमिनीवर लाईनच्या वरून आडवी ठेवली. अकरा फूट. टोक बरोबर कुठं आलं, तर कंपाउंडला लागून असलेल्या उंबराच्या शेजारी, आणि ते तीन खचलेले पेव्हरही तिथंच. म्हणाला, "दादा, मुळी लागती हाताला. मी पट्टी घालतो, भोक पडतं, पाणी जातं. पण ती परत दाट येती." कॅमेरा घालून बघणारे लोक आता नाशिकमध्ये पण मिळतात, अपार्टमेंटच्या लांब लाईनला तो खर्च करावाच, पण आमचं काम चिंधीवर भागलं.

खणल्यावर दिसलं ते असं. जुना पाईप चिनी मातीचा, चार इंची, त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटनं जोडलेले, म्हणजे अठरा फुटांत आठ-नऊ जॉईंट. काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दरवर्षी पाईप थोडा वर थोडा खाली होतो, आणि सिमेंटचा जॉईंट काही वाकत नाही, तो तडकतो. तडकला की ओल बाहेर येते. ओलीच्या मागं मूळ येतं. दोऱ्याएवढं आत शिरतं आणि आत खाणंपिणं आयतं मिळाल्यावर जटेसारखं वाढतं. वर त्यात कागद, तेल, सगळं अडकत जातं. शिवाय एका जागी पाईप खचून पोट पडलं होतं, त्यात पाणी कायम साचलेलं. पट्टीनं मूळ तुटलं की ते जास्त फांद्या फोडून येतं, म्हणून ते १४, ९, ५, ३.

मग प्रश्न आला झाडाचा. शेजारचे काका म्हणाले, "तोडून टाक ना भो, कटकट जाईल." आईनं नुसतं बघितलं त्यांच्याकडं. उंबर आहे, गुरुवारी ती तिथं दिवा लावते, विषयच नव्हता. आणि तसंही मोठं झाड असं मनाला आलं म्हणून तोडता येत नाही, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. पण मुद्दा असा की झाडाचा दोष नव्हताच, चांगल्या बंद पाईपमध्ये मूळ सहसा शिरत नाही, ते भेग असेल तिथंच जातं. त्यामुळं तो अठरा फुटांचा तुकडा पूर्ण काढून पीव्हीसीचा जाड पाईप टाकला, तो दहा फुटी येतो म्हणजे मधे एकच जॉईंट, आणि तो जॉईंट झाडापासून लांब येईल असं कापून बसवलं. खाली चार इंच वाळू. ढाळ पाण्याच्या नळीनं लेव्हल काढून दिला, चार इंची पाईपला चाळीस फुटाला एक फूट धरतात, म्हणजे दहा फुटाला तीन इंच, आमच्या अठरा फुटाला साडेपाच इंचाच्या आसपास. नजरेनं ढाळ देणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा द्या आणि नळी आणायला सांगा. काटकोनी बेंड कुठंही टाकू देऊ नका, वळण हवंच असेल तर दोन पंचेचाळीसचे. माती भरायच्या आधी पुढचं तोंड बंद करून पाईप पाण्यानं भरून तासभर तसाच ठेवा, जॉईंट गळतोय का ते तेव्हाच दिसतं. आणि मधलं चेंबर आता टाईलच्या फ्रेमवाल्या झाकणाचं केलंय, दिसतं जरा वेगळं, दिसू दे.

ॲसिडबद्दल. तुंबलं की आपण दुकानातून मोरी साफ करायचं ॲसिड आणतो आणि ओततो. मेन लाईनमध्ये पाणी भरलेलं असताना ते तिथपर्यंत पोचतच नाही, पातळ होऊन मोरीतच बसतं, फरशीचा पॉलिश जातो आणि सिमेंटचे जॉईंट अजून खातं. कॉस्टिकची पावडर टाकून वरून उकळतं पाणी ओतणारे पण आहेत, त्यानं उष्णता होऊन पीव्हीसी मऊ पडू शकतो, आणि तोंडावर उसळलं तर डोळे जातात. ॲसिड आणि ब्लीचिंग किंवा कपड्यांचं ब्लीच एकत्र तर चुकूनसुद्धा नाही, क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये माणूस पडतो. आणि एक, ॲसिड ओतलेलं असेल तर येणाऱ्या माणसाला आधी सांगा, तो उघड्या हातानं पट्टी ओढतो.

काय टाकू नये याची यादी सगळ्यांना पाठ आहे, फक्त आपल्याकडच्या दोन गोष्टी त्या यादीत नसतात. एक म्हणजे कुरडया. एप्रिलमध्ये गहू भिजवून चीक काढला की वरचं पाणी आणि खालचा उरलेला पिठूळ गाळ मोरीत जातो, तो लाईनच्या पोटात खळीसारखा बसतो आणि वाळला की निघत नाही. चोथा झाडाला घाला, पाणी पण झाडाला. दुसरं म्हणजे घरी बादलीत केलेलं गणपतीचं विसर्जन. शाडूची माती विरघळली असं आपल्याला वाटतं, ती विरघळत नाही, नुसती सुटी होते आणि पाईपमध्ये जाऊन परत माती होते. दोन दिवस बादली तशीच ठेवा, वरचं पाणी कुंड्यांना, खालचा गाळ बागेत. पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवत असाल तर तळाला जो पांढरा साका राहतो तो कॅल्शियम कार्बोनेट असतो, चुन्याचाच भाऊ, तो तर अजिबात मोरीत नको.

फक्त पावसातच तुंबत असेल तर मात्र वरचं बरंचसं लागू नाही. तेव्हा आधी बघा गच्चीचा पाईप कुठं सोडलाय. तो ड्रेनेज चेंबरमध्ये सोडलेला असेल, आणि बऱ्याच घरांना असतो, तर चार इंची लाईनला गच्चीवरचं सगळं पाणी झेपणार कसं? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला एक इंच पाऊस पडला तरी २३०० लिटरच्या पुढं पाणी होतं. पावसाचा पाईप बाहेर गटारीकडं काढा किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात सोडा, ड्रेनेजमध्ये नाही. गोदावरीच्या किंवा नासर्डीच्या जवळ, सखल भागात राहत असाल तर नदी चढल्यावर रस्त्याचीच लाईन भरते आणि पाणी उलटं घरात येतं, अशा ठिकाणी शेवटच्या चेंबरमध्ये एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या, आणि मे महिन्यात एकदा त्याची झडप साफ करा, नाहीतर तीच अडकून तुंबायचं.

शेवटचं चेंबर भरलेलं असेल तर तक्रार आपल्या महापालिकेच्या विभागीय कार्यालयात करायची, नाशिकमध्ये सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड, आपला कुठला ते घरपट्टीच्या बिलावर बघा. तक्रारीत नुसतं "ड्रेनेज तुंबलं" लिहू नका. झाकणं उघडून तिन्ही चेंबरचे फोटो टाका आणि लिहा की शेवटचं चेंबर भरलंय, पाणी रस्त्याकडून मागं येतंय. मग "आधी तुमची आतली लाईन बघा" हे उत्तर येत नाही. शेजारच्या दोन-चार घरांची पण तीच अवस्था असेल तर सगळ्यांनी वेगवेगळी तक्रार करा, नंबर लिहून ठेवा. गावाबाहेरच्या नवीन वस्तीत लाईनच नसेल आणि सेप्टिक टँक असेल तर गुडगुड आणि हळू उतरणारं पाणी याचा पहिला अर्थ टाकी भरली असा घ्या, दोन-तीन वर्षांनी ती उपसावीच लागते.

आमचं काम होऊन आता दोन महिने झाले. मशीनचं पाणी सुटतं तेव्हा आई अजून मोरीपाशी जाऊन उभी राहते, गप्प आहे म्हणते. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मधलं झाकण सरकवून भिंतीवर काळी रेघ आलीय का ते बघतो. परवाच्या पावसात बघितलं तर रेघ नव्हती पण गेटजवळच्या चेंबरमध्ये स्वच्छ पाणी धो धो येत होतं, साबण नाही वास नाही. म्हणलं हे कुठून? तर काकांच्या गच्चीचा पाईप कंपाउंडखालून आमच्या चेंबरमध्ये सोडलेला निघाला. ज्यांच्या घरी टेप घेऊन मी मोजायला गेलो होतो तेच काका. रविवारी आई थालीपीठं करणार आहे, त्यांना बोलवलंय.